गंज पेठ ते टिळक रस्ता: पुण्यातल्या साहित्य फेरीच्या प्रकल्प नोंदी

नोंद १ – १० नोव्हेंबर २०२४, रविवार

काम: पुण्याच्या जुन्या पेठांमधून मराठी साहित्याच्या खुणा दाखवणारी पायी फेरी बसवणं. मराठी भाषा गौरव दिनाच्या (२७ फेब्रुवारी) आधीच्या रविवारी, म्हणजे २३ फेब्रुवारी २०२५ ला, ती लोकांसाठी काढायची. वेळ तीन तास, गट वीस-बावीस जणांचा.

पहिल्या बैठकीत ३१ जागांची यादी झाली. एवढ्या जागा तीन तासांत होत नाहीत, म्हणून गाळण्यासाठी एकच कसोटी ठेवली: त्या जागी काही लिहिलं, छापलं, वाचलं किंवा रंगमंचावर आणलं गेलं असलं पाहिजे. लेखक तिथं नुसता राहत होता, एवढं पुरेसं नाही. या कसोटीवर बारा जागा गेल्या.

आणखी दोन जागा नदीपलीकडच्या म्हणून काढल्या. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर (स्थापना १९१७, महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचं काम इथं १९१९ ते १९६६ चाललं) आणि १९५५-५६ मध्ये गीतरामायणाचे ५६ भाग प्रसारित करणारं आकाशवाणी केंद्र. दोन्ही कसोटीला पूर्ण उतरतात, पण पेठांतून चालत तिकडं जाऊन परत येण्यातच पाऊण-एक तास जातो. त्यांची वेगळी फेरी करावी. एकाच फेरीत सगळं कोंबलं की अर्धा वेळ नुसता रस्ता तुडवण्यात जातो.

शिल्लक: १७.

नोंद २ – १६ आणि १७ नोव्हेंबर

तपासणी वही केली. प्रत्येक जागेसाठी चार रकाने: काय घडलं, कोणत्या वर्षी, तेव्हा नेमक्या कोणत्या इमारतीत, आज तिथं काय उभं आहे. चारही भरल्याशिवाय थांबा पक्का धरायचा नाही. दोन दिवस यातच गेले. पण हे काम झालं नसतं तर लोकांसमोर चुकीचं बोललो असतो. सापडलेल्या चुका:

केसरी. यादीत लिहिलं होतं, "केसरी वाडा – इथून १८८१ मध्ये केसरी सुरू झाला." चूक. केसरीचा पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा, आणि त्या वेळचा पत्ता बुधवार पेठेतला मोरोबादादांचा वाडा. नारायण पेठेतला गायकवाड वाडा टिळकांनी १९०५ मध्ये घेतला. जवळजवळ पाव शतकाचं अंतर आहे, आणि केसरी वाड्याबद्दल बोलताना बहुतेक जण ते गिळतात.

महात्मा फुले यांचं ग्रंथकार सभेला लिहिलेलं पत्र. आमच्या मसुद्यात ते १८७८ च्या पहिल्या ग्रंथकार संमेलनाला जोडलं होतं. पहिलं संमेलन ११ मे १८७८ ला हिराबागेत झालं. फुल्यांचं पत्र मात्र १८८५ च्या दुसऱ्या संमेलनाच्या निमंत्रणाला दिलेलं उत्तर आहे, आणि ते त्याच वर्षी जूनमध्ये 'ज्ञानोदय' या नियतकालिकात छापून आलं.

भिडे वाडा. मुलींच्या शाळेच्या पहिल्या दिवसाबद्दल दोन वेगवेगळ्या तारखा छापलेल्या आढळतात. पत्रकात आणि बोलण्यात फक्त वर्ष घ्यायचं: १८४८.

किर्लोस्करांचं संगीत शाकुंतल. ३१ ऑक्टोबर १८८० ला पुण्यात, बुधवार पेठेतल्या आनंदोद्भव नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. तारीख पक्की, जागेवर दाखवायला काहीच नाही. वेगळा थांबा करायचा नाही. अप्पा बळवंत चौकात दोन वाक्यांत सांगायचं.

नोंद ३ – २४ नोव्हेंबर, पहिली चाचणी फेरी

पाच जण, १७ थांबे. निघालो सकाळी ७.०० ला, संपलं १२.१० ला. ठरवलेल्या तीन तासांचे पाच तास दहा मिनिटं झाली. घड्याळ लावून प्रत्येक टप्पा नोंदवला होता, त्यामुळं वेळ कुठं गेला ते लगेच दिसलं:

चालण्यात १ तास ५० मिनिटं. थांब्यांवर बोलण्यात २ तास २५ मिनिटं, म्हणजे थांब्यामागं सरासरी साडेआठ मिनिटं. उरलेली ५५ मिनिटं रस्ता ओलांडणं, मागं राहिलेल्यांची वाट पाहणं, पाणी आणि स्वच्छतागृह यांत गेली. हा शेवटचा आकडा कागदी आराखड्यात कुणीच धरत नाही. पाच जणांना ५५ मिनिटं लागली तर बावीस जणांना जास्तच लागणार.

दुसरी चूक क्रमाची. पहिला आराखडा कालक्रमानं होता: आधी विश्रामबाग वाडा (१८२१), मग भिडे वाडा (१८४८), मग गंज पेठ. वहीत हे छान दिसतं, रस्त्यावर मात्र लक्ष्मी रस्ता तीनदा ओलांडावा लागतो. कालक्रम सोडला आणि भूगोल धरला. वर्षांच्या उड्या ऐकणाऱ्यांना अडत नाहीत. पाय दुखले की मात्र कान बंद होतात.

तिसरी गोष्ट: दहा वाजल्यानंतर लक्ष्मी रस्त्याच्या पदपथावर वीस माणसं उभी राहूच शकत नाहीत. फेरी साडेसातला सुरू करून अकराच्या आत संपवायची.

नोंद ४ – २८ नोव्हेंबर

गंज पेठेतल्या फुले वाड्यात (पेठेचं आजचं नाव महात्मा फुले पेठ) पाहणी. आज फुल्यांचा स्मृतिदिन (निधन २८ नोव्हेंबर १८९०), त्यामुळं अभिवादनाला येणाऱ्यांची रांग. अंगण मोजायला गेलो होतो, तुळशी वृंदावनापर्यंत पोचायलाच वेळ लागला. फेरीसाठी टाळायचे दिवस लिहून ठेवले: २८ नोव्हेंबर, ३ जानेवारी (सावित्रीबाईंची जयंती), ११ एप्रिल (जोतीरावांची जयंती). या दिवशी लोक अभिवादनाला येतात. त्यांच्या वाटेत गट उभा करून बोलणं योग्य नाही.

नोंद ५ – ८ डिसेंबर, नवा मार्ग

१७ वरून १० थांबे. एकूण चाल सुमारे साडेपाच किलोमीटर. पुढचा मजकूर हीच फेरी किंवा दुसऱ्या गावात अशी फेरी बसवणाऱ्यांसाठी सविस्तर लिहितो आहोत.

*१. फुले वाडा – २० मिनिटं.* सर्वांत लांब थांबा हाच, आणि तो सुरुवातीलाच हवा, कारण लोक ताजे असतात, अंगण शांत असतं आणि उशिरा येणारे सामावून घेता येतात. इथं सांगायचं ते असं: सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' १८५४ चा, जोतीरावांचं नाटक 'तृतीय रत्न' १८५५ चं, 'गुलामगिरी' १८७३ चं, 'शेतकऱ्याचा असूड' १८८३ चं. सत्यशोधक समाजाची स्थापना २४ सप्टेंबर १८७३. अस्पृश्यांसाठी १८६८ मध्ये खुला केलेला हौद. पुस्तकांच्या याद्या मात्र घडाघडा म्हणायच्या नाहीत. चाचणीत तेच केलं आणि दोन मिनिटांत ऐकणाऱ्यांचे डोळे भिंतींकडं वळले.

त्याऐवजी मुक्ता साळवे यांच्या निबंधातला उतारा वाचायचा. फुल्यांच्या शाळेतली चौदा वर्षांची विद्यार्थिनी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये दोन भागांत आला. हा उतारा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीनंच वाचावा. मोठ्या माणसानं वाचला तेव्हा तो निबंध वाटला, आणि मुलीनं वाचला तेव्हा तो प्रश्न कुणीतरी समोर उभं राहून विचारतंय असं झालं.

*२. मंडई – ६ मिनिटं.* फुले वाड्यापासून चालत पंधरा मिनिटं. १८८६ मध्ये सुरू झालेली ही इमारत आधी 'रे मार्केट' होती. तिला महात्मा फुल्यांचं नाव देण्यामागं आचार्य अत्रे होते, ते नगरपालिकेत असताना. लेखक गावाच्या कारभारात बसला की गावाची नावं बदलतात, एवढं सांगायला हा थांबा. सार्वजनिक स्वच्छतागृह इथंच उरकायचं, पुढं तासभर सोय नाही.

*३. बेलबाग – ४ मिनिटं.* नाना फडणवीसांनी बांधलेलं देऊळ. आत गट न्यायचा नाही. बाहेरून दाखवायचं आणि नाना ज्यात पात्र आहेत त्या 'घाशीराम कोतवाल' नाटकाचं नाव पेरून ठेवायचं, कारण त्या नाटकाची गोष्ट थांबा ९ वर येते. मधे दीड तास जातो आणि लोक विसरतात, हे चाचणीत कळलं. उपाय म्हणून बेलबागेचा ए-थ्री आकाराचा फोटो भारत नाट्य मंदिराशी पुन्हा वर धरायचा.

*४. भिडे वाड्याची जागा – ३ मिनिटं.* वाडा डिसेंबर २०२३ मध्ये स्मारकासाठी पाडला. दगडूशेठ गणपती मंदिरासमोरची ही जागा फेरीतली सर्वांत महत्त्वाची आणि उभं राहायला सर्वांत वाईट. पदपथ अरुंद, पलीकडं दर्शनाची रांग, शिवाजी रस्त्याची वाहतूक. इथं बोलायचंच नाही. शाळेबद्दल सगळं फुले वाड्याच्या अंगणात सांगून घ्यायचं, आणि इथं आल्यावर पाडण्याआधीच्या वाड्याचा मोठा फोटो दोन मिनिटं शांतपणे धरून उभं राहायचं. लोक स्वतःच फोटो आणि जागा ताडून पाहतात.

*५. आनंदाश्रम आणि अप्पा बळवंत चौक – १२ मिनिटं.* दगडूशेठपासून तांबड्या जोगेश्वरीवरून चालत यायचं. आनंदाश्रम ही महादेव चिमणाजी आपटे यांनी १८८८ मध्ये काढलेली संस्था, संस्कृत हस्तलिखितांचा मोठा संग्रह. त्यांचे पुतणे हरि नारायण आपटे यांनी ती सांभाळली. हरिभाऊंचं 'करमणूक' साप्ताहिक १८९० चं. त्यात क्रमशः आलेली 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी म्हणजे यमूनं स्वतः सांगितलेली स्वतःची कहाणी. बुधवार पेठेतलंच पुणे नगर वाचन मंदिर १८४८ चं, म्हणजे भिडे वाड्यातल्या शाळेच्याच वर्षाचं. हा योगायोग इथं जरूर सांगावा.

चौकात 'एक वर्ष' ही युक्ती वापरली: फक्त १८८२. मार्चमध्ये विष्णुशास्त्री चिपळूणकर गेले. ताराबाई शिंदे यांची 'स्त्रीपुरुष तुलना' पुण्यात छापली गेली. पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, 'स्त्रीधर्मनीति' आलं. टिळक-आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस होते आणि बाहेर येऊन आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिलं. चार वाक्यं. चाचणीतल्या पाचही जणांना फेरी संपल्यावर हेच आठवत होतं.

*६. 'साधना' कार्यालय, शनिवार पेठ – ६ मिनिटं.* साने गुरुजींनी १५ ऑगस्ट १९४८ ला सुरू केलेलं साप्ताहिक. १९७२ च्या स्वातंत्र्यदिन विशेषांकात राजा ढाले यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' हा लेख आला. पुढं नरेंद्र दाभोलकर संपादक झाले. २० ऑगस्ट २०१३ ला त्यांची हत्या झाली तो ओंकारेश्वरजवळचा पूल इथून जवळ आहे. तिथपर्यंत गट न्यायचा नाही, पण पुलाची दिशा हातानं दाखवायची.

*७. केसरी वाडा – १० मिनिटं, मग चहा १५ मिनिटं.* इथं 'पहिला अंक इथून निघाला नाही' या वाक्यानंच सुरुवात. आधी चिपळूणकर आणि त्यांचं मासिक 'निबंधमाला' (१८७४ पासून), मग केसरी, मग १९०५ चा वाडा. शेवटी 'गीतारहस्य': मंडालेच्या तुरुंगात पेन्सिलीनं लिहिलेलं, १९१५ मध्ये पुण्यात प्रसिद्ध झालेलं. आगरकरांचं 'सुधारक' (१८८८) इथं विसरायचं नाही. केसरीचा पहिला संपादक तोच माणूस.

*८. विश्रामबाग वाडा – ८ मिनिटं.* दुसऱ्या बाजीरावाचा वाडा. १८२१ मध्ये इथं पाठशाळा निघाली, तिचंच पुढं डेक्कन कॉलेज झालं. १८७९ च्या आगीत वाड्याचा भाग जळाला. इथं बोलायचं ते मेजर थॉमस कँडी यांच्याबद्दल. पाठशाळेचे अधीक्षक, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाच्या कामातले साहाय्यक, आणि मराठीत विरामचिन्हं रुळवणारा माणूस. एका कार्डावर उतारा विरामचिन्हांशिवाय आणि त्याखाली तोच चिन्हांसह छापला. गटातल्या कुणालाही पहिला मोठ्यानं वाचायला द्यायचा. श्वास कुठं घ्यायचा ते कळत नाही. व्याख्यानाची गरजच उरत नाही.

पुढं बाजीराव रस्त्यावरून जाताना राजा दिनकर केळकर संग्रहालयाची गल्ली लागते. इतक्या वस्तू जमवणारे दिनकर केळकर 'अज्ञातवासी' नावानं कविता लिहीत. चालता चालताच सांगायचं.

*९. भारत नाट्य मंदिर – ८ मिनिटं.* १६ डिसेंबर १९७२ ला इथं 'घाशीराम कोतवाल'चा पहिला प्रयोग झाला. लेखक विजय तेंडुलकर, दिग्दर्शक जब्बार पटेल, संगीत भास्कर चंदावरकर, संस्था प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन. १९ प्रयोगांनंतर संस्थेनं नाटक थांबवलं, आणि कलाकारांनी थिएटर अकॅडमी काढून ते पुन्हा उभं केलं. बेलबागेचा फोटो इथं. शेजारच्या भारत इतिहास संशोधक मंडळाकडं (१९१०, वि. का. राजवाडे) फक्त बोट दाखवायचं. आत शिरलो तर अर्धा तास गेलाच म्हणून समजा.

*१०. महाराष्ट्र साहित्य परिषद, टिळक रस्ता – १२ मिनिटं.* स्थापना २७ मे १९०६. माधवराव पटवर्धन सभागृहाच्या निमित्तानं माधव जूलियन (पटवर्धनांचं कवी म्हणून नाव) आणि रविकिरण मंडळ हा कवींचा गट (१९२३). याच रस्त्याच्या टोकाला हिराबाग, जिथं १८७८ चं पहिलं संमेलन भरलं.

फुल्यांचं १८८५ चं पत्र आधी फुले वाड्यात वाचायचं ठरलं होतं, ते इथं आणलं. माणसाचे हक्क सर्वांना मनापासून द्यायला जे तयार नाहीत, त्यांच्या सभांशी आणि पुस्तकांशी आमच्या सभा-पुस्तकांचा मेळ बसणार नाही, असा त्या पत्राचा रोख. ते लिहिणाऱ्याच्या अंगणातून निघून, ज्या परंपरेला ते लिहिलं तिच्या दारात येऊन वाचलं की साडेपाच किलोमीटर चालण्याला अर्थ येतो. मार्गातला सर्वांत महत्त्वाचा बदल हाच.

नोंद ६ – २२ डिसेंबर, आवाज आणि छपाई

शिक्षक वापरतात तो कमरेला लावायचा माइक-स्पीकर घेतला, २,४०० रुपये. मंडईपाशी चाचणी: पहिल्या रांगेला ऐकू येतं, तिसऱ्या रांगेला नाही. कारण साधं होतं. स्पीकर कमरेशी असला की पुढच्या माणसांची शरीरंच आवाज अडवतात. पट्टा खांद्यावरून घेऊन स्पीकर छातीशी आणला, बोलणाऱ्याची पाठ भिंतीला लावली आणि गट अर्धवर्तुळात उभा केला. चौथ्या रांगेपर्यंत आवाज पोचला. आवाज आणखी वाढवला तर शीळ वाजते. तो निम्म्याच्या थोडा वरच ठेवायचा.

उताऱ्यांची लांबी १५० शब्दांपेक्षा जास्त नको, म्हणजे साधारण सव्वा मिनिट. जुन्या लेखनातले अनुस्वार आणि लांब वाक्यं वाचणाऱ्याला अडखळवतात. १८ आकाराच्या अक्षरांत छापून किमान तीनदा मोठ्यानं सराव करायला लावायचा.

नुकसान: पत्रकाच्या १०० प्रती छापून आल्या आणि नकाशात केसरी वाड्यासमोर '१८८१' छापलेलं. वहीत दुरुस्ती झाली होती, पण नकाशाची फाइल वेगळी होती आणि ती जुन्या यादीवरून केलेली. ९ रुपये प्रत, ९०० रुपये पाण्यात. पेनानं खाडाखोड करून वाटायचा विचार झाला, पण चुकीचं वर्ष हातात देणं पटलं नाही. यापुढं मजकूर आणि नकाशा एकाच फाइलमध्ये, आणि छपाईआधी वही समोर धरून दोघांनी वाचायचं: एकानं मोठ्यानं, दुसऱ्यानं खूण करत.

नोंद ७ – १२ जानेवारी २०२५, गटासह चाचणी

नोंदणी २०, आले ९. नोंदणी फुकट होती, हेच कारण. पुढच्या वेळी १०० रुपये घ्यायचे, चहा आणि पत्रक त्यातच.

वेळ: ३ तास ३५ मिनिटं. ठरवलेल्या तीन तासांपेक्षा पस्तीस मिनिटं जास्त, त्यातली पंधरा केसरी वाडा ते विश्रामबाग या टप्प्यात गेली. लक्ष्मी रस्त्यानं गट तुटतो. पुढचे चार जण सिग्नल ओलांडून गेले, मागचे पाच अडकले. उपाय: पुढं एक आणि मागं एक असे दोन माणूस ठरलेले. मागच्याच्या हातात केशरी रुमाल. रुमाल दिसल्याशिवाय पुढच्यानं रस्ता ओलांडायचा नाही.

साठीपुढच्या दोघींना विश्रामबागेपाशी थकवा आला. तिथून रिक्षा मिळते. ज्यांना जमत नाही त्यांनी थेट साहित्य परिषदेशी येऊन थांबावं, हे सुरुवातीलाच सांगायचं. शेवटी सांगितलं तर लोक संकोचानं चालत राहतात.

अप्पा बळवंत चौकात रविवारी सकाळी पुस्तकांची दुकानं बंद. बोलायला शांतता उत्तम, पण तिघांनी 'स्त्रीपुरुष तुलना' कुठं मिळेल असं विचारलं आणि दाखवायला दुकान नव्हतं. पुस्तकं घेणारा गट असेल तर फेरी शनिवारी ठेवावी.

नोंद ८ – १६ फेब्रुवारी, रंगीत तालीम

पूर्ण फसली. दिवस ठरवताना पंचांग पाहिलं नव्हतं, आणि आज संकष्टी. दगडूशेठपुढं सकाळी आठलाच रांग रस्त्यावर, शिवाजी रस्त्यावर पोलिसांचे अडथळे. भिडे वाड्याची जागा ओलांडायलाच १८ मिनिटं लागली, फोटो धरणं शक्यच नव्हतं. तालीम थांबा ५ वर सोडून दिली.

टाळायचे दिवस आता असे: तिन्ही स्मरणदिन, संकष्टी, माघी गणेश जयंती आणि भाद्रपदातला गणेशोत्सव. उत्सवाआधीचे मांडव उभारणीचे आठवडेही त्यातच धरायचे. ही यादी पत्रकाच्या आतल्या बाजूला छापली.

नोंद ९ – २३ फेब्रुवारी, पहिली खुली फेरी

२२ जण, सगळ्यांनी आधी पैसे भरलेले, सगळे आले. एकत्र जमायची जागा फुले वाडाच ठेवली. बरेच जण मेट्रोनं मंडई स्थानकात उतरून चालत आले. स्थानक सप्टेंबर २०२४ पासून सुरू झाल्यानं गाडी लावायचा प्रश्नच उरला नाही. शेवटी साहित्य परिषदेपासून स्वारगेट मेट्रो गाठता येते.

सुरुवात ७.३५, शेवट १०.५५. तीन तास वीस मिनिटं. केशरी रुमालामुळं लक्ष्मी रस्त्यावर गट एकदाही तुटला नाही.

काय बिघडलं: थांबा ६ वर स्पीकरची बॅटरी गेली. रात्रभर भारित केली होती, पण मंडईपासून बंद न करता तशीच चालू होती. चालताना बंद करायची, ही जबाबदारी रुमालवाल्याला दिली. केसरी वाड्याशी विनास्पीकर बोलावं लागलं. मागच्या सहा जणांना ऐकू आलं नाही, त्यांना चहाच्या वेळी पुन्हा सांगितलं.

काय जमलं: विरामचिन्हांचं कार्ड. पहिल्या ओळीतच वाचणारे आजोबा थांबले आणि म्हणाले, "अहो, इथं वाक्य संपतं कुठं?" आणि मुक्ता साळवेंचा उतारा. तो वाचून झाल्यावर लगेच बोलू नये. अर्धा मिनिट जाऊ द्यावा. आम्ही पुढचं वाक्य घाईनं सुरू केलं, ते नको होतं.

चुकीची दुरुस्ती जागच्या जागी: थांबा ५ वर आमच्याकडून 'करमणूक' १८९१ चं सांगितलं गेलं. एका बाईंनी १८९० असल्याचं लक्षात आणून दिलं, ते बरोबर होतं. वहीत १८९० च लिहिलेलं आहे. पाठ बोलायच्या नादात वही उघडली नव्हती. आता प्रत्येक थांब्याची वर्षं पोस्टकार्डाएवढ्या कार्डावर, आणि ते कार्ड हातातच ठेवायचं.

नोंद १० – २ मार्च, दुसरी फेरी आणि हिशेब

१९ जण, ३ तास १० मिनिटं. बॅटरी पुरली.

आतापर्यंतचा खर्च: माइक-स्पीकर २,४००. पत्रकं १०० (वाया) ९०० आणि १५० (योग्य) १,३५०. लॅमिनेट केलेली ए-थ्री कार्डं १२, प्रत्येकी ६० प्रमाणे ७२०. प्रथमोपचार पेटी ३५०. दोन फेऱ्यांचा चहा ४१ जणांचा, १५ रुपयांप्रमाणे ६१५. एकूण ६,३३५ रुपये. जमा ४१ जणांचे ४,१००. तूट २,२३५, त्यातले ९०० निव्वळ त्या नकाशाच्या चुकीचे. पुढच्या दोन फेऱ्यांत छपाई आणि स्पीकरचा खर्च नसल्यामुळं तूट भरून निघते.

वेळ: सुमारे ७० तास, त्यातले निम्म्याहून जास्त तपासणी वहीवर.

बाकी कामं: भिडे वाड्याच्या जागी स्मारक उभं राहील तेव्हा थांबा ४ नव्यानं आखायचा. आतल्या अंगणात उभं राहता आलं तर मुक्ता साळवेंचा उतारा तिकडं हलवता येईल. थांबा ७ वर चिपळूणकर आणि आगरकर दोघांना दहा मिनिटं कमी पडतात. चहा 'साधना'नंतर आणि केसरी वाड्याआधी ठेवून पाहायचा, म्हणजे बसलेल्या लोकांना निबंधमालेची पार्श्वभूमी तिथंच सांगता येईल. नदीपलीकडच्या फेरीसाठी तपासणी वहीची पहिली पानं भरायला घेतली आहेत. पहिली नोंद भांडारकर संस्थेची, चौथा रकाना अजून कोरा.